एक्स गेलं ते बरं झालं, पण…

ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० ने ग्नोम डेस्कटॉपचं एक्स११ सेशन काढून टाकलं. आता लॉगिनला फक्त वेलँड. (जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडवर चालतात, घाबरू नका.) माझ्या मते बरंच झालं. १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्समध्ये तुम्ही टाइप केलेला पासवर्ड शेजारच्या खिडकीतला प्रोग्रॅम बिनबोभाट वाचू शकतो, राव! पण याच मोकळेपणामुळे अंधांसाठीच्या ऑर्का स्क्रीन रीडरला त्याचे कीबोर्ड शॉर्टकट कुठेही पकडता यायचे. वेलँडवर ती सोय नीट झाली मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये, म्हणजे जेमतेम सहा-सात महिने आधी. डोळसांनी एवढी घाई करायला नको होती. ज्यांचं अडतंय त्यांनी सरळ २४.०४ वर थांबावं; तिथे एक्स आहे, आणि २०२९ पर्यंत अपडेटही मिळतील.