चेल्याबिन्स्कला दोन दिवस द्या

रशियाला जाणारे आपले बहुतेक पर्यटक मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग पाहून परततात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की उरल पर्वताच्या पूर्वेकडील चेल्याबिन्स्कसाठीही दोन दिवस राखून ठेवा. १९९२पर्यंत परदेशी माणसाला या शहरात प्रवेश नव्हता. राजवाडे इथे मिळायचे नाहीत. राबणाऱ्या माणसांचे शहर मात्र मिळेल.

या शहराची वाटचाल म्हणजे १७३६चा किल्ला, १८९२ला आलेली रेल्वे आणि १९३३चा ट्रॅक्टर कारखाना. १९४१मध्ये जर्मन फौजा चालून आल्या, तेव्हा लेनिनग्राड आणि खारकीवची यंत्रे कामगारांसकट इथे हलवली गेली. ट्रॅक्टरच्या जागी रणगाडे निघू लागले आणि लोक शहराला ‘टँकोग्राद’ म्हणू लागले. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून यंत्रांपाशी बायका आणि कोवळी पोरे उभी राहिली. कोम्सोमोल्स्काया चौकातल्या रणगाड्यापुढे उभे राहाल तेव्हा फोटोच्या आधी त्यांची आठवण काढा.

मियास नदीकाठचे इतिहास संग्रहालय चुकवू नका. १५ फेब्रुवारी २०१३च्या सकाळी आकाशात फुटलेल्या उल्केचा, चेबरकूल तळ्यातून काढलेला मोठा तुकडा तिथे आहे. लख्ख उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले आणि थोड्या वेळाने आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. एका शिक्षिकेने मात्र चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसवले. मुलांना ओरखडाही आला नाही, तिचा हात कापला.

संध्याकाळी किरोव्का या वाहनबंद रस्त्यावर फिरा. तिथला उंटाचा पुतळा पाहून चकित होऊ नका. मध्य आशियाचे तांडे इथून जात, म्हणून शहराच्या बोधचिन्हावरही उंटच आहे.

जानेवारीत पारा उणे पंधराच्या आसपास असतो, तेव्हा बूट चांगले घ्या. वारा पडला की कारखान्यांचा धूर शहरावर साचतो. दम्याच्या रुग्णांनी औषध खिशातच ठेवावे. शाकाहारी असाल तर पेल्मेनी या मोमोसारख्या पदार्थात मांस असते हे लक्षात ठेवा आणि त्याच धर्तीचे बटाट्याचे वारेनिकी मागा. आपली व्हिसा, मास्टरकार्ड कार्डे तिथे चालत नाहीत, रोख रक्कम लागते. युक्रेन युद्धामुळे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. कारखान्यांच्या फाटकांचे फोटो काढू नका. आणि नोकरीचे आमिष दाखवून पर्यटक व्हिसावर पाठवणाऱ्या दलालाला दारातूनच परत धाडा; अशी गेलेली आपली काही मुले थेट रणांगणावर पोचली आहेत.