'फॉरमॅट मार' म्हणजे निदान नव्हे!

परवा आईचा फोन. "अरे, तो फोटोंचा डबा लावून ठेवला ना, की कॉम्प्युटर निळा होतो." डबा म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क. त्यात बाबांचे सगळे फोटो. बाबा आता नाहीत आणि फोटोंची दुसरी कॉपीही नाही (चूक माझीच). कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने मशीन न उघडताच निकाल दिला होता, "फॉरमॅट मारावं लागेल." काय फॉरमॅट करायचं, विंडोज की डबा? ते विचारायचं नाही!

शनिवारी घरी गेलो. विंडोज क्रॅशनंतर सहसा मिनिडंप फोल्डरमध्ये जबानी लिहून ठेवतं. ती वाचली: 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. म्हणजे मशीन झोपताना किंवा उठताना कुठला तरी ड्रायव्हर वेळेत हललाच नाही. डबा होता अडॅप्टर नसलेल्या, चार तोंडांच्या हबवर. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. तेवढ्यात चौघांनी जेवायचं! डबा नव्या केबलने थेट मशीनला लावला, आधी फोटो कॉपी केले, मग मशीन दहा वेळा झोपवलं-उठवलं. एकदाही निळं नाही.

फॉरमॅटने कधीकधी काम होतं, मान्य. नवे ड्रायव्हर येतात म्हणून. मग नुसते ड्रायव्हरच बदला की! फॉरमॅटने मिलिअँपिअर वाढत नाहीत राव.

आणि हसू नका. मावशीला फोनवर "फॉरमॅट मार" सांगणारे आपण इंजिनियरच असतो. आधी कॉपी, मग केबल, मग डंप. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.