यंत्र जिंकले, म्हणून पट गुंडाळायचा?

बुद्धिबळात माणूस कॉम्प्युटरला हरवू शकतो का, हा विषय निघाला की आपल्यापैकी कोणीतरी अभिमानाने सांगतोच, "आपल्या बहरीनमध्येच तर क्रामनिकने बरोबरी साधली होती!"

साधली होती, खरे आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये व्लादिमिर क्रामनिक आणि 'डीप फ्रिट्झ' यांच्यात आठ डाव झाले. चार डावांनंतर क्रामनिक ३-१ असा पुढे होता. पाचवा डाव त्याने एका ढोबळ चुकीने घालवला. सहाव्यात घोड्याचा बळी देऊन धडक हल्ला चढवला आणि तोही हरला. अखेर ४-४. पण मंडळी, हा प्रोग्रॅम त्याला सरावासाठी आधीच हाती मिळाला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पुढे २००५ मध्ये आपल्या शेजारच्या अबुधाबीच्या 'हायड्रा'ने मायकेल अ‍ॅडम्सला साडेपाच-अर्धा असे लोळवले. २००६ मध्ये बॉनला तोच क्रामनिक फ्रिट्झकडून ४-२ असा हरला, एका डावात तर एका खेळीत होणारी मात त्याला दिसली नाही! आज खिशातला मोबाईलसुद्धा जगज्जेत्याला भारी आहे. तेव्हा हा वाद संपला, उगाच उकरू नये.

माझे भांडण आहे ते यातून पालक जो निष्कर्ष काढतात त्याच्याशी. "मग पोराने बुद्धिबळ शिकून उपयोग काय?" असे मला चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी विचारले आहे. मी नोकरीला सखीरला जातो. तिथल्या सर्किटवर २००४ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या वर पळतात. म्हणून शाळेच्या क्रीडादिनातून शंभर मीटरची शर्यत कोणी काढून टाकली का? उलट पोरगा तिसरा आला तरी हेच पालक व्हिडिओ काढत धावतात!

दुसरा प्रकार याहून वाईट. मूल डाव हरून येते आणि आई-बाबा लगेच डाव मोबाईलवर चढवतात. "बघ, इथे उंट हलवायला हवा होता." का, ते बाबांना ठाऊक नसते. मुलालाही कळत नाही. त्याला एवढेच कळते की आपण मूर्ख आहोत. गुकेशच्या प्रशिक्षकांनी, विष्णु प्रसन्ना यांनी, त्याला सुरुवातीची कित्येक वर्षे इंजिनपासून मुद्दाम दूर ठेवले होते. तो २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकला. घड्याळ पळत असताना दोघींच्या हातून चुका झाल्या, आणि घरबसल्या स्क्रीनवरची पट्टी वरखाली होताना पाहून आपल्यातले काही वीर "अरेरे, एवढे दिसले नाही?" म्हणत होते. अहो, तुम्हाला तरी कुठे दिसले होते? यंत्राने सांगितले म्हणून कळले!

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी सूचना आहे. मुलांची स्पर्धा जरूर घ्या, पण दारात एक टोपली ठेवा आणि पालकांचे मोबाईल त्यात जमा करा. डाव संपला की दोन्ही मुलांनी त्याच पटावर समोरासमोर बसून पंधरा मिनिटे तो पुन्हा मांडावा, कुठे काय चुकले ते आपसात भांडून ठरवावे. पालकांनी तोवर बाहेर चहा घ्यावा.