मुलीला नर्स करण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात आमच्या गावचे एक सुतार आपल्या बारावी झालेल्या मुलीला घेऊन शाळेत आले. हातात तालुक्याच्या बाजारात वाटलेले पत्रक होते: 'सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची शंभर टक्के हमी.' "गुरुजी, म्हैस विकून फी भरावी म्हणतो. तुमचे काय मत?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न आज पुष्कळ घरांत पडलेला आहे, म्हणून त्याचा विचार येथे उघडपणे करणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हे काम हलके नव्हे. 'परक्याची घाण काढणे हे काय पोरीचे काम?' असे म्हणणारे शहाणे गावोगाव आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलास उचलून दवाखान्यात आणले व त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. तेव्हा विटाळाची गोष्ट आमच्यापुढे कोणी काढू नये. शेणामातीत राबणाऱ्या हातांना सेवेची लाज नाही. प्रश्न एवढाच की, त्या सेवेमागची विद्या आणि तिचा दाम आमच्या मुलींच्या पदरात पडतो की नाही.

नर्सिंगच्या वाटा मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि पुढे उपकेंद्रावर बाळंतपण, लसीकरण अशी गावची कामे. जीएनएम तीन वर्षांचे. यालाही कला शाखेची मुलगी जाऊ शकते, आणि रुग्णालयातील परिचारिकेचे काम मिळते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्यास बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. एकदा खालची पायरी चढली म्हणजे वरची बंद होते असे नाही. नोंदणी झालेली एएनएम पुढे जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेलीस आणखी दोन वर्षांत बी.एस्सी.ची पदवी घेता येते. जीएनएम व बी.एस्सी. या वाटा मुलांसही मोकळ्या आहेत.

सहा महिन्यांची वाट यांत कोठेच नाही, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. तिच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय कोणी नर्स होत नाही, मग भिंतीवर केवढेही सोनेरी प्रमाणपत्र टांगलेले असो. आमची एक हुशार विद्यार्थिनी अशाच एका संस्थेत गेली. आज ती एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते, सलाइन लावते, आणि पगार मात्र आयाचा घेते. तिचा दाखला आम्हीच सही करून दिला होता. कोठे जातेस एवढे विचारण्याची बुद्धी आम्हास तेव्हा झाली नाही. तो दोष आमचा.

खरे शिक्षण घेतले म्हणजे सर्व सुखच, असेही नव्हे. सरकारी जागा थोड्या, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पुष्कळ नेमणुका कंत्राटी. खाजगी परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१६ साली केंद्र सरकारच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा निदान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. म्हणून फीचा आकडा पाहताना पुढच्या पगाराचाही आकडा मांडावा, आणि जमीन गहाण टाकून भलत्या फीच्या संस्थेत जाऊ नये. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी प्रशिक्षण संस्थांत अर्ज आधी करावा. २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी आहे, बी.एस्सी.चा अर्ज भरताना तिची चौकशी करावी.

संस्थेच्या दारात तीन प्रश्न विचारावेत. परिषदेच्या यादीत तुमचे नाव आहे काय? मुली प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात? मागच्या तुकडीतील किती जणींची नोंदणी झाली? उत्तर देताना जो चिडेल, त्याच्याकडे पैसा भरू नये. बैल घेताना आपण दात मोजतो. मग मुलीची वर्षे आंधळेपणाने का द्यावीत?

सुतारांची मुलगी कला शाखेची आहे. आधी सरकारी जीएनएम, ते न मिळाल्यास एएनएम आणि मग वरची पायरी, असा सल्ला आम्ही दिला. पत्रक तिनेच फाडले. म्हैस अजून दावणीला आहे.