गोठ्याचे खांब आणि सिमेंटची जमीन

जुन्या वाड्यांत लांकडी खांब जमिनींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभे करीत. बुडाशीं ओल राहूं नये, हा त्यांतील हेतु. अलीकडे गोठा अगर कोठार बांधतांना आपण जमीन काँक्रीटची करितों, परंतु हा जुना विचार विसरतों. कोणी खांब ओल्या काँक्रीटांतच रोवतो. कोणी वाळलेल्या जमिनीवर आडवें लांकूड ठेवून चार खिळे मारितो. आमच्या मतें ह्या दोन्ही रीति चुकीच्या आहेत.

पहिल्या रीतीनें लांकूड कुजतें. काँक्रीट दगडासारखें दिसलें तरी त्यांत सूक्ष्म छिद्रें असतात व तें खालची ओल वर ओढतें. शिवाय लांकूड वाळून आकसलें म्हणजे भोंवतीं फट पडते. गोठा धुतलेलें पाणी व मूत्र तींत मुरतें, आणि वरून धड दिसणारा खांब बुडाशीं पोकळ होतो.

दुसऱ्या रीतीनें छप्पर जातें. वारा पत्र्याच्या छपरास नुसता ढकलीत नाहीं, तर वर उचलतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांत पुष्कळ घरांचीं छपरें उडविलीं. हा जोर छपरापासून खांबांत व खांबांतून पायांत उतरला पाहिजे. मधला एक जोड कच्चा असला कीं बाकीचे व्यर्थ.

सबब काँक्रीट ओलें असतांनाच १२ मिलिमीटर जाडीचे, जस्त चढविलेले व बुडाशीं वांकविलेले बोल्ट निदान १८ सेंटिमीटर खोल बसवावे, व जोत्याची कड त्या मानानें जाड धरावी. दोन बोल्टांतील अंतर १८० सेंटिमीटरांहून अधिक नसावें. आडव्या लांकडाच्या प्रत्येक टोकापासून ३० सेंटिमीटरांच्या आंत एक असावा. लांकडाखालीं डांबरी कागद घालून वर रुंद वायसर व नट आंवळावा. सुटा खांब जमिनीपासून किंचित् उंच अशा लोखंडी बैठकीवर बोल्टानें धरावा. जमीन आधींच झाली असल्यास ती पुरी कठीण झाल्यावर भोंक पाडून फुगणारे बोल्ट बसवावे, पण कडेपासून दूर. नाहींतर कड फुटते. छपराचा भार नसलेल्या आंतील आडोशास मात्र सिमेंटचे खिळे पुरेत.

ह्यांत खर्च थोडा, अडचण निराळीच आहे. गवंडी जमीन करून गेल्यावर आपण सुतारास बोलावितों. तोंवर बोल्ट घालण्याची वेळ टळलेली असते. काँक्रीट कालविण्यापूर्वीं दोघांस एके ठिकाणीं बसवून खांबांच्या जागा आंखून घ्याव्या. एवढा अर्धा दिवस जो शेतकरी काढील, त्याचीं जनावरें वादळांतही छपराखालीं राहतील.