विद्येची देवघेव आणि कचेरीची खिडकी

१९५८ साली सोफिया कोराडी नावाची एक इटालियन तरुणी न्यूयॉर्कहून रोमला परतली. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाची ती कायद्याची विद्यार्थिनी. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ती कोलंबिया विद्यापीठात गेली होती आणि तेथे तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी तिने संपादन केली होती. तिकडे दिलेल्या परीक्षा आपल्या अभ्यासक्रमात जमेस धराव्यात, एवढीच तिची विद्यापीठाकडे विनंती होती. ती फेटाळण्यात आली, आणि तीही उपहासाने. हा अपमान कोराडीबाई विसरल्या नाहीत. १९६९ पासून इटलीतील कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार या नात्याने त्यांनी हा एकच प्रश्न चिकाटीने लावून धरला. अखेर १९८७ च्या जूनमध्ये युरोपीय समुदायाने ‘इरॅस्मस’ योजना स्वीकारली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्याद्वारे परदेशी गेले. आजवरच्या लाभार्थींची संख्या दीड कोटीच्या वर गेली आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात निधन होईपर्यंत, युरोपातील विद्यार्थी कोराडीबाईंना ‘इरॅस्मसची आई’ म्हणून ओळखत असत.

उच्च शिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले, की आपल्याकडे विश्वबंधुत्वाची भाषणे होतात. शिष्टमंडळे येतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात, शाली-श्रीफळे दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र प्रसिद्ध होते. परंतु सहकार्य जेथे खरोखर अडते, ती जागा सभागृहात नसून परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी असते. तिकडचे गुण इकडे कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण तो सुटत नाही तोवर बाकी सारे व्यर्थ होय.

इरॅस्मसने हा प्रश्न कसा सोडविला, ते बँकेतील माझ्या वाचकांना चटकन उमजेल. दोन बँकांमध्ये धनादेशांचे समाशोधन होते, तशीच ही व्यवस्था आहे. विद्यार्थी शुल्क भरतो ते स्वतःच्या विद्यापीठात. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणीचे शुल्क घेत नाही, कारण त्याचेही विद्यार्थी असेच कोठे तरी गेलेले असतात. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक, हे माप सर्वांनी मान्य केलेले आहे. कोणते विषय शिकावयाचे आणि ते घरी कोणत्या विषयांच्या जागी धरावयाचे, याचा करार विद्यार्थी निघण्यापूर्वीच कागदावर होतो. राहणीमानातील फरक भरून काढण्यासाठी अनुदान मिळते. ते पुरेसे नसते आणि म्हणून सुखवस्तू घरांतील मुलेच अधिक जातात, अशी टीका तेथेही होते. ती रास्त आहे. परंतु मूळ व्यवहार उभयपक्षी आहे, हे महत्त्वाचे.

याहून जुने उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचे. सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेल्या या दोन शेजाऱ्यांनी १९६३ च्या एलिझे करारानंतर एक संयुक्त युवक कार्यालय स्थापन केले. त्याचा खर्च दोन्ही सरकारे निम्मा-निम्मा उचलतात. त्याच्यामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण सीमेपलीकडे जाऊन आले आणि त्यांत केवळ महाविद्यालयीन विद्यार्थी नव्हते. कारखान्यात उमेदवारी करणारी मुलेही होती. वैर मिटविण्याचे काम सरकारी तिजोरीतून करावयाचे असते, हे त्या दोन्ही देशांना पटले होते.

सार्वजनिक तिजोरीचा हा मार्ग आपल्यालाही अपरिचित नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकावयास गेले ते बडोदे संस्थानच्या, दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट तीत होती. पुढे १९४६ साली अमेरिकेने परदेशांत उरलेले युद्धसाहित्य विकून आलेल्या पैशांतून फुलब्राइट योजना उभी केली. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. १९५१ साली आपण अमेरिकेकडून गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज घेतले, तेव्हा व्याजातील पन्नास लाख डॉलरपर्यंतची रक्कम उभय देशांतील शैक्षणिक देवघेवीसाठी, म्हणजे ग्रंथ, प्रयोगशाळांची उपकरणे आणि अध्यापकांचे प्रवास यांसाठी, राखून ठेवण्यात आली होती. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ साली सुरू झाली, तीही युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने. या प्रत्येक मदतीमागे देणाऱ्याचा काही मतलब होता, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला कोणी सांगावयास नको. तरीही निवड गुणांवर होती, खर्च सार्वजनिक होता आणि जाणाऱ्याने परत यावे अशी अपेक्षा होती.

आज चित्र पालटले आहे. २०२४ साली परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांच्या वर होती. याउलट उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी सुमारे ४७ हजार होते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा. २०२३-२४ या एका वर्षात शिक्षणासाठी म्हणून कुटुंबांनी बाहेर धाडलेली रक्कम सुमारे साडेतीन अब्ज डॉलर होती. याला देवघेव म्हणावे काय? ही सरळ खरेदी आहे, आणि तीही बहुधा कर्जाची. मुलाच्या प्रवेशासाठी जमीन गहाण टाकणारा शेतकरी बाप मी पाहिला आहे. व्हिसाचा नियम बदलला किंवा नोकरी लांबली, की त्या घरात काय होते, तेही पाहिले आहे.

या खरेदीला आळा बसावा म्हणून परदेशी विद्यापीठांनाच येथे आणण्याची वाट २०२३ च्या नियमांनी मोकळी झाली. दुकान जवळ आले, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त अभ्यासक्रमांना परवानगी दिली, ही गोष्ट स्वागतार्ह होती. पण ती मूल्यांकनात वरच्या पायरीवर असलेल्या किंवा क्रमवारीत झळकणाऱ्या संस्थांपुरती. तालुक्याच्या गावी असलेल्या संलग्न महाविद्यालयाचा, म्हणजे आपली बहुसंख्य मुले जेथे शिकतात त्या संस्थेचा, त्यात विचारच नाही.

माझ्याच वर्गातील एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिला परदेशातील एका विद्यापीठात सहा महिने शिकण्याची संधी मिळाली, खर्च यजमानांचा. ती गेली, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन परतली आणि खिडकीपाशी उभी राहिली. तिची गुणपत्रिका उलटसुलट पाहून कारकुनाने अत्यंत सौजन्याने सांगितले, की असा रकाना नाही. तिला ते सत्र पुन्हा करावे लागले आणि वर्ष वाया गेले. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्या फायलीत नियम नव्हता, आणि नियमाबाहेर जाऊन केलेल्या उपकाराची किंमत लेखापरीक्षणाच्या वेळी त्यालाच मोजावी लागली असती. दोष आहे तो करारावर सही करून रकाना आखावयास विसरलेल्यांचा. (खरे तर पुण्याहून नागपूरला एक सत्र शिकून येणेही आपल्याकडे सोपे नाही. श्रेयांकांची पेढी २०२१ पासून कागदोपत्री उघडलेली आहे. खातेदारांनी आपला अनुभव सांगावा.)

येथे एक आक्षेप हमखास येईल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, वसतिगृहांना पाणी नाही, आणि तुम्ही परदेशच्या वाऱ्या कसल्या सांगता? आक्षेप वजनदार आहे. मी स्वतः त्या रिकाम्या जागांचा भार वाहतो. परंतु मी मागतो आहे त्यातील पहिल्या गोष्टीला परकीय चलन लागत नाही. शुल्काच्या बदल्यात शुल्कमाफी, या तत्त्वावर पाच विद्यार्थी जावेत, पाच यावेत. प्रारंभ शेजारपासून करावा. काठमांडू किंवा थिंपू येथे एक सत्र राहण्याचा खर्च लंडनच्या मानाने नगण्य आहे. आणि आपल्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला तेथे जे कळेल, ते लंडनमध्ये कळेलच असे नाही. मोठे देशही एकमार्गी होऊ शकतात. इरॅस्मसमधून बाहेर पडल्यावर ब्रिटनने २०२१ साली जी ट्युरिंग योजना सुरू केली, तीत बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पैसा होता, येणाऱ्यांसाठी नव्हता.

आणि येणाऱ्यांचे आपण काय करतो? पुण्यात आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून कित्येक वर्षे विद्यार्थी येत आहेत. आपण त्यांच्याकडून अनेक पटींनी शुल्क घेतो, घर भाड्याने देताना का-कू करतो आणि तीन वर्षांनी त्यांना निरोप देतो. माझ्या वर्गातील मराठी मुलाला शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या देशाची राजधानी ठाऊक नसते. परदेश आपल्या वर्गात येऊन बसला आणि आपण त्याला फक्त पावती दिली!

इरॅस्मस योजनेत एक तरतूद अशी आहे, की विद्यार्थी व अध्यापक यांच्याबरोबर कार्यालयीन कर्मचारीही दुसऱ्या विद्यापीठात काही दिवस काम शिकावयास जाऊ शकतात. आपल्याकडील पुढल्या शिष्टमंडळात एखादा अधिष्ठाता कमी करावा आणि परीक्षा विभागातील एका ज्येष्ठ लिपिकाला धाडावे. त्याने तेथील खिडकीच्या आतल्या बाजूस आठवडाभर बसावे, गुणांची रूपांतरे कशी नोंदली जातात ते पाहावे आणि परतताना तो तक्ता बरोबर आणावा. आमच्या त्या विद्यार्थिनीचे सहा महिने त्यात कोठल्या रकान्यात बसले असते, हे मला तरी पाहावयाचे आहे.