बेळगांव वाढविलें कोणीं?

बेळगांव मराठी कीं कानडी, हा वाद १९५६ सालीं तें म्हैसूर राज्यांत गेल्यापासून शमलेला नाहीं. निकाल लागेल तेव्हां लागो. पण हें शहर वाढविलें कोणीं, हें आमच्या शेतकरी-कारागीर बंधूंनीं विसरूं नये. रट्ट राजांनीं वेणुग्रामीं राजधानी केली, १८१८ सालीं इंग्रजांनीं किल्ला घेऊन पुढें छावणी बसविली. इतिहासांत नांवें राहिलीं तीं त्यांचीं. परंतु घाट उतरून वेंगुर्ल्यास बैलगाड्या हांकल्या कोणीं? शहापूर-वडगांवच्या मागांवर लुगडीं विणलीं कोणीं? मराठी व कानडी बोलणाऱ्या कष्टकऱ्यांनींच. पेठेंत दोन्ही भाषा चालतात त्या याच देवघेवीमुळें.

कचेरींतला कागद मात्र कानडींत येतो, आणि ज्यास तो वाचतां येत नाहीं तो मुकाट्यानें अंगठा उठवितो. सरकारनें रयतेस तिच्या भाषेंत कागद द्यावा, ही मागणी न्यायाचीच आहे. पण तोंवर स्वस्थ बसूं नका. घरांत मराठी जपा आणि मुलांस कानडी अक्षरही शिकवा. न वाचलेल्या कागदानें शेत गेलें, तर कोणताही भाषाभिमान तें परत आणून देणार नाहीं.